सेवा की श्रम? न्यूझीलंडमधील पासिफिका शिक्षक आणि त्यांच्या संघटना

न्यूझीलंडच्या शासकीय व शैक्षणिक व्यवहारात सामोआ, टोंगा, कुक बेटे, निउए, टोकेलाऊ, फिजी, टुवालू अशा प्रशांत महासागरी बेटांवरून आलेल्या लोकांसाठी आणि न्यूझीलंडमध्येच जन्मलेल्या त्यांच्या वंशजांसाठी 'पासिफिका' ही संज्ञा रूढ आहे. देशाचे मूळनिवासी माओरी भाषा व कुळ या दृष्टीने याच पॉलिनेशियन परिवारातले असले, तरी त्यांची गणना या संज्ञेत होत नाही. तसेच फिजीतून आलेल्या भारतीय गिरमिटियांच्या, म्हणजे करारबद्ध मजुरांच्या, वंशजांना जनगणनेत 'आशियाई' या रकान्यात बसवले जाते आणि त्या वर्गीकरणाबद्दल त्या समाजात नाराजीही आहे. २०२३च्या जनगणनेत पासिफिका लोकांची संख्या ४,४२,६३२, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.९ टक्के भरली. हा समाज वयाने तरुण असल्यामुळे शाळांतले त्यांचे प्रमाण याहून जास्त, साधारण दहा विद्यार्थ्यांमागे एक, इतके आहे. शिक्षकांत मात्र ते शंभरात तीन-चारांच्या पलीकडे फारसे गेलेले नाही. या दोन प्रमाणांमधल्या दरीतच पासिफिका शिक्षकाचे खरे काम सुरू होते, कारण वर्गावर शिकवण्याखेरीज दुभाष्या, समुपदेशक, नृत्यशिक्षक, पालकांचा मध्यस्थ आणि शाळेच्या सांस्कृतिक कार्यक्रमांचा संयोजक या सगळ्या भूमिका त्या मूठभर माणसांच्या वाट्याला येतात. ही कामे समाजसेवा म्हणून मोजायची की श्रम म्हणून, आणि श्रम म्हणून मोजायची तर त्यांचे मोल कोणी द्यायचे, या प्रश्नाभोवती शिक्षक संघटनांचा आणि पासिफिका सदस्यांचा गेल्या चार-पाच दशकांचा संबंध घडत आला आहे.

या संबंधाची पार्श्वभूमी वसाहतकाळात आहे. कुक बेटे आणि निउए १९०१मध्ये न्यूझीलंडच्या हद्दीत सामील करून घेण्यात आली. पश्चिम सामोआ हा जर्मन मुलूख पहिल्या महायुद्धाच्या आरंभी, ऑगस्ट १९१४मध्ये, न्यूझीलंडच्या फौजेने ताब्यात घेतला. तेथील शिक्षण न्यूझीलंडने शून्यातून उभे केले, असा समज वसाहती अहवालांतून होतो, पण तो खरा नाही. लंडन मिशनरी सोसायटीच्या प्रभावाखाली एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनच सामोआच्या गावोगावी पाद्र्यांच्या शाळा चालत होत्या, त्यांत सामोअन भाषेतच वाचन-लेखन शिकवले जाई आणि बायबल वाचता येण्याइतकी साक्षरता तेथे न्यूझीलंडची राजवट येण्याआधीच पसरलेली होती. नव्या राजवटीचा आरंभ मात्र विश्वासाला तडा देणाऱ्या घटनेने झाला. नोव्हेंबर १९१८मध्ये 'तालुने' या जहाजाला विलगीकरणाविना आपिया बंदरात येऊ दिल्यामुळे इन्फ्लुएंझाची साथ पसरली आणि त्यात सुमारे साडेआठ हजार माणसे, म्हणजे लोकसंख्येच्या एक-पंचमांशाहून अधिक, मृत्युमुखी पडली. पुढे 'माउ' या अहिंसक स्वराज्य-चळवळीच्या मिरवणुकीवर २८ डिसेंबर १९२९ रोजी पोलिसांनी गोळीबार केला, त्यात चळवळीचे नेते तुपुआ तामासेसे लेआलोफी तिसरे यांचा बळी गेला.

दुसऱ्या महायुद्धानंतर शिक्षणसंचालक सी. ई. बीबी यांच्या काळात धोरण बदलले. १९४५पासून सामोआतील निवडक मुलामुलींना शिष्यवृत्ती देऊन न्यूझीलंडच्या शाळांत पाठवण्याची योजना सुरू झाली आणि १९५३मध्ये आपिया येथे सामोआ कॉलेज ही माध्यमिक शाळा उघडली. पुढे कादंबरीकार म्हणून जगभर ओळखले गेलेले अल्बर्ट वेंट हे याच शिष्यवृत्तीवर न्यूझीलंडला आले आणि नंतर मायदेशी परतून सामोआ कॉलेजचे मुख्याध्यापक झाले. या योजनेने एक शिक्षित पिढी घडवली हे निर्विवाद. पण शिक्षण म्हणजे घर, भाषा आणि गाव मागे ठेवून दूर जाणे, हा तिचा दुसरा धडाही होता, आणि त्या धड्याचा ठसा पुढच्या पिढ्यांच्या शाळाविषयक कल्पनांवर दीर्घकाळ उमटत राहिला.

शिष्यवृत्तीवर येणारे मोजके होते. मोठा ओघ आला तो कारखान्यांसाठी. युद्धोत्तर भरभराटीत ऑकलंड, वेलिंग्टन, टोकोरोआ येथील कारखाने, खाटिकखाने आणि लाकूडगिरण्या यांना मजूर हवे होते. कुक बेटे, निउए आणि टोकेलाऊ येथील लोक न्यूझीलंडचे नागरिकच होते, तर १९६२मध्ये स्वतंत्र झालेल्या सामोआतून व टोंगातून येणाऱ्यांना परवान्यांवर प्रवेश मिळे. १९४५मध्ये जेमतेम दोन हजार असलेली पासिफिका लोकसंख्या १९७६पर्यंत ६५ हजारांच्या घरात पोहोचली. ऑकलंड शहराच्या मध्याजवळची पॉन्सनबी, ग्रे लिन ही तेव्हा स्वस्त असलेली वस्ती आणि पुढे दक्षिणेकडे सरकारी घरबांधणीतून उभी राहिलेली ओटारा, मांगेरे ही उपनगरे या समाजाची केंद्रे बनली. बेटांवर शिक्षक म्हणून काम केलेले कित्येक स्त्री-पुरुष या ओघात होते. परंतु त्यांची प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे न्यूझीलंडमध्ये पूर्णपणे ग्राह्य धरली जात नसत, त्यामुळे कुणी कारखान्यात यंत्रावर उभा राहिला, कुणी रात्रपाळीला कार्यालये झाडायला लागली, तर कुणी शाळेतच, पण 'शिक्षक-सहायक' म्हणून, म्हणजे वर्गशिक्षकाच्या हाताखाली तासांच्या हिशेबाने मेहनताना घेणारी कर्मचारी म्हणून रुजू झाली. पासिफिका शिक्षकवर्गाच्या इतिहासात ही पदावनती फार महत्त्वाची आहे. पुढे संघटनांनी केलेल्या अनेक मागण्यांची मुळे या पहिल्या अवमूल्यनात सापडतात.

१९७३नंतर तेलाच्या किमती भडकल्या, मंदी आली आणि काल हवे असलेले मजूर आज नकोसे झाले. परवान्याची मुदत संपलेल्यांना पकडण्यासाठी १९७४पासून पोलीस व स्थलांतर अधिकारी पहाटे घरांवर छापे घालू लागले. १९७५च्या निवडणुकीत रॉबर्ट मल्डून यांच्या नॅशनल पक्षाने व्यंगचित्रपटाच्या जाहिरातीतून या लोकांना गुन्हेगार म्हणून रंगवले, आणि १९७६मध्ये छाप्यांनी टोक गाठले. मुदतीपेक्षा जास्त राहिलेल्यांत पासिफिका लोकांचा वाटा साधारण एक-तृतीयांश असताना खटले मात्र बव्हंशी त्यांच्यावरच भरले गेले, हे १९८०च्या दशकात झालेल्या अभ्यासाने पुढे उघड केले. पहाटे आईवडिलांना उचलून नेलेली मुले त्याच दिवशी शाळेत जात होती, आणि शाळेच्या हजेरीपटाला या गोष्टीची गंधवार्ताही नसे.

त्या काळात विद्यार्थ्यांच्या पाठीशी जे उभे राहिले, ते बहुतांशी संघटित शिक्षकांच्या चळवळीबाहेरचे लोक होते. जून १९७१मध्ये पॉन्सनबीत स्थापन झालेल्या पॉलिनेशियन पँथर पक्षाने विल इलोलाहिया आणि त्यांच्या विशीच्या आतबाहेरच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने तुरुंगात भेटी, भाडेकरूंना मदत आणि कायदेशीर हक्कांची पुस्तिका अशी कामे केली. त्या पुस्तिकेसाठी पुढे पंतप्रधान झालेले वकील डेव्हिड लँगी यांनी साह्य केले. त्याबरोबर पँथरांनी गृहपाठ केंद्रे चालवली. 'सिटिझन्स असोसिएशन फॉर रेशियल इक्वॅलिटी' या वंशभेदविरोधी संस्थेनेही अशी केंद्रे चालवली होती. संध्याकाळी सभागृहात मुलांना एकत्र बसवून अभ्यासाला मदत करणे एवढेच वरवर पाहता त्यांचे स्वरूप; पण दाटीवाटीच्या घरांत अभ्यासाला जागा नसलेल्या, आणि शाळेत आपल्या भाषेचा एक शब्दही न ऐकणाऱ्या मुलांसाठी ते शाळेइतकेच मोलाचे ठरले. पँथरांपैकी टिगिलाउ नेस यांना केस न कापल्याबद्दल शाळेतून काढून टाकण्यात आले होते, यावरून त्या काळातल्या शाळांच्या शिस्तीची कल्पना येते.

शिक्षक संघटना या वेळी काय करत होत्या, हा प्रश्न अप्रिय असला तरी टाळता येत नाही. प्राथमिक शिक्षकांची न्यूझीलंड एज्युकेशनल इन्स्टिट्यूट १८८३मध्ये, आणि माध्यमिक शिक्षकांची पोस्ट प्रायमरी टीचर्स असोसिएशन १९५२मध्ये स्थापन झाली. दोन्ही संघटना मोठ्या होत्या, सरकारशी थेट वाटाघाटी करण्याइतक्या बलवान होत्या, आणि वर्गातील मुलांची संख्या, पगाराची श्रेणी, परीक्षापद्धती अशा प्रश्नांवर त्यांनी अभ्यासपूर्ण भूमिका मांडल्या. परंतु त्यांचे सदस्य प्रामुख्याने पाकेहा, म्हणजे युरोपीय वंशाचे, होते आणि 'शिक्षक' या शब्दाने जो माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहत असे त्यात बेटांवरून आलेल्या शिक्षिकेला जागा नव्हती. हा दुष्टावा नव्हता. सदस्यत्व पदाला जोडलेले असताना ज्यांना पदच मिळालेले नाही त्यांचा प्रश्न संघटनेच्या कक्षेत येणे अवघड होते, आणि व्यावसायिक संघटनांच्या इतिहासात ही मर्यादा जगभर दिसते.

बदलाची वाट माओरींनी मोकळी केली, हे स्पष्ट नोंदवणे आवश्यक आहे. १९८२मध्ये सुरू झालेल्या 'कोहांगा रेओ' या माओरी भाषेच्या बालवाड्यांनी मुलांना पहिल्या दिवसापासून पूर्वजांच्या भाषेत वाढवण्याचा मार्ग दाखवला, आणि पासिफिका मातांनी तो लगोलग उचलला. १९८४च्या सुमारास सुरू झालेली, पॉन्सनबीतील रिचमंड रोड शाळेच्या आवारातली 'आओंगा फाआ सामोआ' ही सामोअन भाषेची बालवाडी पुढे १९९०मध्ये शासकीय परवाना मिळवणारी पहिली पासिफिका बालशिक्षण संस्था ठरली. जिम लॉटन हे माओरी मुख्याध्यापक असलेल्या रिचमंड रोड शाळेने मुलांची घरची भाषा हा अडथळा मानण्याऐवजी शाळेची रचनाच तिच्याभोवती बांधली, आणि अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ कोर्टनी कॅझडेन यांनी तिचा अभ्यास केल्यामुळे तिचे नाव देशाबाहेरही पोहोचले. सामोअन बालवाड्यांना 'आओंगा आमाता' असे म्हणतात. कुक बेटांच्या, टोंगन, निउएअन आणि टोकेलाऊ समाजांनीही आपापल्या भाषांत अशा बालवाड्या काढल्या, आणि त्यांपैकी पुष्कळशा चर्चच्या सभागृहांत भरू लागल्या.

या बालवाड्यांचा सगळा भार स्त्रियांवर होता. १९७६मध्ये एलेइटिनो पॅडी वॉकर यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या 'पॅसिफिका' या स्त्री-संघटनेने बेटांवरून आलेल्या स्त्रियांना सार्वजनिक कामाचा आत्मविश्वास दिला होता, आणि त्या आत्मविश्वासाला बालवाड्यांत कार्यक्षेत्र मिळाले. पण पैसा कुठून येणार? सुरुवातीला आज्या आणि मावश्या विनामोबदला काम करीत. सामोअन समाजात 'ताउतुआ', म्हणजे कुटुंबाची, गावाची आणि चर्चची सेवा, हे प्रतिष्ठेचे मूळ मानले जाते, आणि विस्तारित कुटुंब, ज्याला 'आइंगा' म्हणतात, त्याच्यासाठी केलेल्या कामाचा मेहनताना मागणे कमीपणाचे वाटते. त्यामुळे या बालवाड्यांत संघटना नेण्याचा प्रश्न नाजूक होता. येथे मालक म्हणजे एखादी कंपनी नव्हती. ती समाजातल्याच वडीलधाऱ्यांची समिती होती, आणि तिच्याविरुद्ध वेतनाची मागणी मांडायची म्हणजे रविवारी ज्यांच्या शेजारी चर्चमध्ये बसायचे त्यांच्याशीच टेबलावर वाटाघाटी करायच्या. पासिफिका शिक्षिकांच्या संघटनेतील सहभागाचा कोणताही इतिहास या अवघडलेपणाची दखल घेतल्याशिवाय पूर्ण होत नाही.

त्याच सुमारास देशाची शिक्षणव्यवस्थाच उलटीपालटी झाली. १९८८च्या पिकॉट अहवालाच्या शिफारशींवर आधारलेल्या 'टुमॉरोज स्कूल्स' या सुधारणेने १ ऑक्टोबर १९८९पासून प्रत्येक शाळा पालकांच्या निवडून आलेल्या विश्वस्त मंडळाकडे सोपवली. कागदावर ही लोकशाही होती. पण सभेचे कामकाज, अंदाजपत्रक आणि नोकरभरतीचे नियम यांची सवय असलेल्या वस्त्यांना तिचा लाभ झाला, आणि दोन-दोन पाळ्यांत काम करणाऱ्या पासिफिका पालकांना मंडळावर येणे दुरापास्त ठरले. १९९१च्या एम्प्लॉयमेंट कॉन्ट्रॅक्ट्स अॅक्टने सामूहिक कराराऐवजी वैयक्तिक कराराला प्राधान्य देऊन सगळ्याच कामगार संघटनांचे कंबरडे मोडले. शिक्षकांच्या संघटना त्यातून तगल्या, कारण त्यांचे सदस्यत्व भक्कम होते आणि शिक्षकांचा पगार एकगठ्ठा विश्वस्त मंडळांच्या हाती देण्याच्या योजनेला त्यांनी दशकभर कडवा विरोध केला. बालशिक्षणातील संघटनांनी १९९०मध्ये एकत्र येऊन 'कम्बाइन्ड अर्ली चाइल्डहूड युनियन' ही संघटना स्थापली, आणि काही वर्षांतच ती एज्युकेशनल इन्स्टिट्यूटमध्ये विलीन झाली. या विलीनीकरणाकडे बहुधा संघटनेच्या अंतर्गत व्यवहाराची बाब म्हणून पाहिले जाते. पासिफिका दृष्टीने मात्र तोच निर्णायक क्षण होता, कारण त्यामुळे आओंगा आमातातली शिक्षिका, शाळेतली शिक्षक-सहायक आणि प्राथमिक वर्गाची शिक्षिका या तिघी, ज्या पुष्कळदा एकाच कुटुंबातल्या असत, पहिल्यांदाच एका संघटनेच्या सदस्य झाल्या.

याच काळात संघटनेची अंतर्गत रचनाही बदलली. एज्युकेशनल इन्स्टिट्यूटने 'ते रिउ रोआ' हे माओरी नाव आपल्या नावाला जोडले आणि माओरी सदस्यांना निर्णयप्रक्रियेत स्वतंत्र स्थान दिले. माध्यमिक संघटनेतही तसेच घडले. पासिफिका सदस्यांनी याच धर्तीवर स्वतःची जागा मागितली, आणि माध्यमिक शिक्षकांच्या संघटनेत तसेच देशातील कामगार संघटनांच्या शिखर संस्थेत 'कोमिती पासिफिका' नावाच्या समित्या आकाराला आल्या. या समित्यांचे मुख्य साधन म्हणजे 'फोनो', म्हणजे परिषद किंवा सभा. सामोअन गावात फोनो हा प्रमुखांच्या विचारविनिमयाचा प्रकार आहे. संघटनेचा फोनो प्रार्थनेने आणि गाण्याने सुरू होतो, बोलण्याचा क्रम वयाचा आणि मानाचा आदर राखून ठरतो, आणि ठरावावर घाईने मतदान घेण्याऐवजी 'तालानोआ', म्हणजे मोकळ्या पण जबाबदार संभाषणातून एकमताकडे जाण्यावर भर असतो. टोंगन संशोधक तिमोते वाइओलेती यांनी २००६मध्ये तालानोआची संशोधनपद्धती म्हणून मांडणी केल्यावर ती संज्ञा शिक्षणक्षेत्रात सर्वत्र रुळली.

फोनोला संघटनेच्या नोकरशाहीत तोंडदेखली सजावट समजण्याचा धोका होता, आणि काही काळ तो खराही ठरला असावा. परंतु त्यातून दोन गोष्टी निश्चित साधल्या. दूरच्या शाळेत एकटीच पासिफिका असलेल्या शिक्षिकेला आपली अडचण वैयक्तिक नसल्याचे तेथे कळले, आणि दुसरे असे की तेथे तयार झालेल्या मागण्या संघटनेच्या वार्षिक सभेत आणि तिथून वेतनवाटाघाटींच्या टेबलावर पोहोचू लागल्या. वयाला मान देणारी पद्धत तरुण सदस्यांना कधीकधी जाचते, हेही खरे. न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या, बेटांची भाषा अर्धवट येणाऱ्या शिक्षकांना वडीलधाऱ्यांच्या सभेत बोलणे सोपे नसते.

वेतनाच्या बाबतीत पासिफिका शिक्षकांना सर्वाधिक लाभ त्यांच्या नावाने न झालेल्या लढ्यांतून मिळाला, हे विधान विचित्र वाटले तरी त्याला आधार आहे. १९९०च्या दशकात एज्युकेशनल इन्स्टिट्यूटने प्राथमिक व माध्यमिक शिक्षकांना समान वेतनश्रेणी मिळवून देण्याचा, म्हणजे वेतनसमानतेचा, लढा दिला आणि १९९८मध्ये तो जिंकला. २००२मध्ये सार्वजनिक बालवाड्यांच्या शिक्षिकांनाही तीच श्रेणी मिळाली. पासिफिका शिक्षक प्राथमिक आणि बालशिक्षणात अधिक असल्यामुळे हा बदल त्यांच्या घरापर्यंत पोहोचला. मात्र चर्चच्या सभागृहांतल्या समाजचालित बालवाड्या या श्रेणीबाहेरच राहिल्या, आणि तेथील शिक्षिकांना त्या दिशेने नेणारे अनुदान २०२०नंतर टप्प्याटप्प्याने सुरू झाले. शिक्षक-सहायकांचा विजय २०२०मधला. त्यात वापरलेले तत्त्व वेगळे होते: त्याला समन्यायी वेतन म्हणतात, म्हणजे स्त्रियाच बहुसंख्येने करतात म्हणून कमी मोलाचे ठरलेले काम, कौशल्य व जबाबदारीच्या कसोटीवर पुरुषबहुल कामांशी तोलून त्याचे वेतन ठरवणे. शिक्षक-सहायक नेमके काय करते याच्या मुलाखती आणि नोंदी या प्रक्रियेत गोळा झाल्या, आणि मुलाला शांत करणे, घराशी बोलणे, त्याच्या भाषेत समजावणे ही आजवर 'स्वभाव' समजली गेलेली कामे कौशल्ये म्हणून कागदावर आली. सुमारे २२ हजार कर्मचाऱ्यांना लागू झालेल्या या तडजोडीत, बेटांवर शिक्षिका राहिलेल्या आणि येथे सहायक झालेल्या कित्येकींच्या श्रमाची पहिली रीतसर नोंद झाली, असे म्हणता येईल.

माध्यमिक शाळांत हाच प्रश्न वेगळ्या रूपात दिसतो, आणि त्याचे सर्वांत ठळक उदाहरण पॉलिफेस्टचे आहे. १९७६मध्ये ओटारातील हिलरी कॉलेजमध्ये विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने सुरू झालेला हा सांस्कृतिक महोत्सव आज ऑकलंडमधील हजारो शालेय मुलांना माओरी, सामोअन, टोंगन, कुक बेटांचे, निउएअन अशा वेगवेगळ्या मंचांवर आणतो. त्यामागे महिनोन्‌महिने संध्याकाळचे सराव, वेशभूषा, गीतरचना, निधिसंकलन आणि पालकांशी समन्वय असतो, आणि तो भार प्रत्येक शाळेत एक-दोन पासिफिका शिक्षकांवर पडतो. क्रीडाशिक्षकाच्या अतिरिक्त वेळेला ज्या शाळेत मोल आहे, त्याच शाळेत या वेळेला केवळ कौतुक मिळते, ही तक्रार संघटनेच्या फोनोंत वारंवार आली. उत्तर देणे सोपे नव्हते. ताउतुआच्या दृष्टीने हे काम मुलांसाठी, पूर्वजांसाठी केलेले; त्याला दरपत्रक लावले तर त्याची प्रतिष्ठा जाईल, अशी भीती ज्येष्ठांनी व्यक्त केली, तर शिक्षकाच्या आरोग्याची आणि पदोन्नतीची किंमत देऊन चालणारी सेवा ही शाळेने घेतलेली फुकट मजुरी आहे, असा दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद होता. अलीकडच्या सामूहिक करारांत सांस्कृतिक नेतृत्वाच्या कामासाठी तसेच पासिफिका भाषांतून अध्यापन करणाऱ्या शिक्षकांसाठी भत्त्यांची तरतूद झाली, आणि माओरी माध्यमाच्या शिक्षकांना बऱ्याच आधीपासून मिळणाऱ्या भत्त्याशी तिची तुलना स्वाभाविकपणे झाली. भत्त्याने सेवेचा अर्थ बदलला नाही; शाळेने ती गृहीत धरण्याची सवय मात्र थोडी मोडली.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत संघटनांचे काम मुख्यतः अभ्यासक्रम आणि मूल्यमापन या मार्गांनी झाले. सामोअन भाषेचा राष्ट्रीय अभ्यासक्रम 'ता-इआला' या नावाने १९९६मध्ये प्रसिद्ध झाला आणि पाठोपाठ इतर पासिफिका भाषांचे अभ्यासक्रम आले. सामोअन शिक्षकांच्या 'फागासा' या भाषासंघटनेने त्यासाठी केलेला पाठपुरावा शिक्षक संघटनांच्या समांतर चालला. गुणानुक्रमे मुलांना वेगवेगळ्या तुकड्यांत विभागण्याची पद्धत पासिफिका मुलांना खालच्या तुकडीत अडकवते आणि उच्चशिक्षणाच्या विषयांपासून दूर ठेवते, हे पुष्कळ अभ्यासांनी दाखवले आहे. २०२३मध्ये ती पद्धत २०३०पर्यंत संपवण्याचा 'कोकिरिहिआ' हा कृतिआराखडा पुढे आला तेव्हा शिक्षक संघटना त्याच्या बाजूने होत्या. २०१८मध्ये शिक्षण मंत्रालयाने 'तापासा', म्हणजे होकायंत्र, हा पासिफिका मुलांना शिकवणाऱ्या सर्व शिक्षकांसाठीचा क्षमता-आराखडा प्रसिद्ध केला. त्याचे तत्त्व असे की पासिफिका मुलांची जबाबदारी पासिफिका शिक्षकांवर टाकून उरलेल्यांनी मोकळे व्हायचे नाही, आणि हे तत्त्व संघटनांच्या मागणीशी जुळणारे होते.

विद्यापीठांत चित्र अधिक विरळ आहे. २००९मध्ये दोन जुन्या संघटनांच्या एकत्रीकरणातून स्थापन झालेल्या टर्शरी एज्युकेशन युनियनमध्ये पासिफिका सदस्यांचा गट आहे. सेरेआना नाएपी यांनी २०१९मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यापीठांच्या अध्यापकवर्गात पासिफिका व्यक्तींचे प्रमाण दोन टक्क्यांहून कमी असल्याचे दिसले.

न्यूझीलंडच्या सीमेपलीकडे या संघटनांचे नाते बेटांवरील संघटनांशी जोडलेले आहे. 'कौन्सिल ऑफ पॅसिफिक एज्युकेशन' ही जागतिक शिक्षक महासंघाशी संलग्न असलेली प्रादेशिक संस्था सुव्हा येथून काम करते, आणि तिच्यात टोंगा, सामोआ, किरिबाती, सॉलोमन बेटे, फिजी यांच्या संघटनांसह न्यूझीलंडच्या संघटनाही आहेत. टोंगामध्ये जुलै २००५मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांनी पुकारलेल्या आणि सहा आठवडे चाललेल्या संपात शिक्षकांचा मोठा वाटा होता, 'फ्रेंडली आयलंड्स टीचर्स असोसिएशन'चे फिनाऊ तुतोने त्याच्या अग्रभागी होते. पगारवाढीपासून सुरू झालेला तो संप राजेशाहीला लोकशाही सुधारणांकडे ढकलणाऱ्या घटनांच्या साखळीतली महत्त्वाची कडी ठरला. फिजीत भारतीय वंशाच्या शिक्षकांची फिजी टीचर्स युनियन आणि मूळ फिजियनांची फिजियन टीचर्स असोसिएशन अशी वंशाच्या आधारे झालेली विभागणी वसाहतकाळापासून चालत आली, तरी २००६च्या लष्करी सत्तांतरानंतर दोघींनाही सरकारचा दट्ट्या बसला. फिजियन असोसिएशनचे अध्यक्ष तेविता कोरोई यांना लोकशाहीच्या बाजूने केलेल्या भाषणाबद्दल २००९मध्ये मुख्याध्यापकपदावरून काढण्यात आले, आणि शेजारच्या देशांतील संघटनांनी हा प्रश्न आंतरराष्ट्रीय स्तरावर नेला.

१ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी ऑकलंडच्या टाउन हॉलमध्ये पहाटेच्या छाप्यांबद्दल औपचारिक माफी मागितली, आणि तीही 'इफोंगा' या सामोअन विधीने, ज्यात अपराधी स्वतःला चटईखाली झाकून घेतो आणि पीडित ती चटई उचलतात तेव्हा क्षमा झाली असे मानले जाते. माफीसोबत शिष्यवृत्त्या आणि या इतिहासाच्या अध्यापनासाठी साहित्य देण्याचे वचन होते. म्हणजे छाप्यांचा इतिहास शाळेत शिकवायचा, आणि तो शिकवण्याचे जास्तीचे काम पुन्हा बव्हंशी पासिफिका शिक्षकांकडे जाणार, हा त्यातला उघड पेच होता. त्याच वर्षी मानवी हक्क आयोगाने पासिफिका वेतनदरीची चौकशी सुरू केली. पाकेहा पुरुषाच्या प्रत्येक डॉलरमागे पासिफिका स्त्रीला साधारण ७५ सेंट मिळतात, असे त्या चौकशीतून पुढे आले. दरम्यान दोन्ही मोठ्या संघटनांनी शिक्षकांसाठी समन्यायी वेतनाचा दावा दाखल केला होता, ज्याचे काम पाच-एक वर्षे चालले. मे २०२५मध्ये सरकारने तातडीने कायदा दुरुस्त केला, शिक्षकांच्या दाव्यासह ३३ दावे एका फटक्यात रद्द झाले, आणि यापुढे असा दावा करायचा तर त्या कामात किमान ७० टक्के स्त्रिया दहा वर्षे असल्या पाहिजेत, अशी अट आली. त्याच वर्षी २३ ऑक्टोबरला शिक्षक, परिचारिका आणि डॉक्टरांसह एक लाखाहून अधिक सार्वजनिक कर्मचारी संपावर गेले. पासिफिका समित्यांच्या दृष्टीने मूळ अडचण मात्र जुन्या कायद्यातही होती आणि नव्यातही आहे: समन्यायी वेतनाचा कायदा स्त्री आणि पुरुष यांच्या कामाची तुलना करतो, वंशाच्या आधारे होणाऱ्या अवमूल्यनाला त्यात रकानाच नाही, त्यामुळे दोन्ही कारणांनी कमी मोबदला मिळणाऱ्या पासिफिका शिक्षिकेच्या तोट्याचा निम्मा भागच दाव्यात मांडता येतो.